खानावळीतले विष

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मला आधी स्वतःचा राग येतो आणि मग हसू येते. राग अशासाठी की एका निरपराध बाईला मी अकरा दिवस कोठडीत बसवले. हसू अशासाठी की सगळ्या भवानी पेठेला जे रोज दिसत होते, ते पाहायला मला दहा दिवस लागले.

इंग्रजी अमदानीतली, एकोणीसशे वीस ते तीसच्या दरम्यानची गोष्ट. मी तेव्हा सोलापुरात फौजदार होतो. अंगात वर्दी नवी आणि डोक्यात हवा जुनीच. सकाळी हजेरी, गस्तीचा रिपोर्ट, लॉकअपमधल्या माणसांची मोजणी, मग स्टेशन डायरी, असा ठरलेला क्रम असे. त्या दिवशी डायरी उघडतच होतो, तेवढ्यात भवानी पेठेतला एक विणकर ठाण्याच्या पायरीवर येऊन मटकन बसला. तेलुगू घरचा, चाळिशीचा, मागावर बसून पाठीला पोक आलेला माणूस. त्याच्याच हातमागाच्या कारखान्यात विणणारा त्याचा धाकटा भाऊ पोटदुखीने गडाबडा लोळत होता. त्याच कारखान्यातले आणखी चार जण तसेच आजारी होते. पोटात मुरडा, शौचाला साफ नाही, ओकाऱ्या, अंगात त्राण नाही.

"साहेब, पाच जण पडले. पाचही जण त्या मावशीच्या खानावळीत जेवतात," तो म्हणाला. "तिनं विष घातलं. माझा भाऊ मेला तर मी काय करू साहेब?"

मावशी म्हणजे मंद्रूप गावाकडची एक विधवा. भवानी पेठेत दोन खोल्यांत खानावळ चालवायची. पन्नाशीची, तोंडाने फटकळ, हाताला चव. फिर्यादीच्या भावाने चारच दिवसांपूर्वी तिच्या आमटीला पंक्तीत सर्वांसमक्ष नावे ठेवली होती आणि सोबत्यांना घेऊन दुसरी खानावळ धरतो म्हणून दम दिला होता. तिनेही त्याला शेलक्या शब्दांत सुनावले होते. म्हणजे भांडण होते, साक्षीदार होते, फक्त विष सापडायचे बाकी होते.

तेही संध्याकाळपर्यंत आले. सात रस्त्याला पानाची गादी चालवणारा एक जण आमचा खबऱ्या होता. तो कानाशी लागून म्हणाला, "सायेब, मावशीनं मंद्रूपच्या बाजारातनं सोमल आनलाय. म्या सोता बगितलंय की!"

पंच घेऊन झडती घेतली. चुलीवरच्या कोनाड्यात, देवाच्या तसबिरीमागे सोमलाची, म्हणजे जहाल विषाची, उघडलेली पुडी मिळाली. पंचनामा केला, पुडी लाखेने सील केली, विष देऊन इजा केल्याचे कलम तीनशे अठ्ठावीस लावले आणि बाईला गल्लीतून चालवत ठाण्यावर आणले. सगळी पेठ दारात उभी होती. कोणी थुंकले, कोणी शिव्या दिल्या. मी मिशीला पीळ देत पुढे चाललो होतो. धाकटा विणकर दगावला असता तर तीनशे दोन लागून ही बाई फासावर गेली असती, आणि माझ्या सर्व्हिस बुकात एक चांगला शेरा पडला असता. खोटे कशाला सांगू, त्या वेळी मला शेराच दिसत होता.

तपासाला सुरुवात केली. चढ्या आवाजात विचारले, समजुतीने विचारले. तिचे उत्तर एकच.

"सोमल उंदरासाटी आनलाय. जवारीची पोती फोडत्यात मेले. सायेब, लेकरावानी जेवू घातलंय त्यांस्नी, मी इष घालीन व्हय? आन् माज्याकडं हमाल जेवत्यात, टांगेवाले जेवत्यात. त्यास्नी का न्हाय झालं मग?"

"कारण तुझं वैर त्या विणकरांशी होतं," मी टेबलावर हात आपटला. मला ते उत्तर तेव्हा फार चलाखीचे वाटले होते.

पण एक गोष्ट मला खटकू लागली. आरोपी माणूस कोठडीत काय विचारतो याकडे माझे लक्ष असे. साक्षीदार कोण आले, पुडी कुठे पाठवली, वकील कधी येईल, असले प्रश्न असतात. ही बाई मात्र रोज सकाळी पहाऱ्यावरच्या जमादाराला विचारायची, "धाकटा जेवतो का आता? त्याला भाकरी चालत न्हाय, ताक-भात द्या म्हनावं." जमादार जुना, पिकला माणूस. तो मला हळूच म्हणाला, "रावसाहेब, ही बया विष घालणारी वाटत नाही." मी त्यालाच झापले.

आठव्या दिवशी सहावा रुग्ण आला.

खानावळीला कुलूप होते, त्यावर माझे सील होते, आरोपी माझ्या कोठडीत होती, आणि त्याच कारखान्यातला सहावा विणकर पोट धरून सरकारी दवाखान्यात भरती झाला. मी धावतच गेलो. त्याची म्हातारी आई उशाशी बसली होती. "आमचा पोरगा कधीच बाहेर जेवत नाही साहेब. माझ्याच हातचं खातो," ती म्हणाली. त्याने मावशीच्या खानावळीचा उंबरठाही ओलांडलेला नव्हता.

दवाखान्यातले डॉक्टर अबोल होते. त्यांनी रुग्णाचा खालचा ओठ दोन बोटांनी खाली ओढला. हिरडीच्या कडेने, पेन्सिलीने ओढावी तशी निळसर रेघ होती. मग आधीपासून तिथेच दाखल असलेल्या पाचांसकट त्यांनी ओळीने सहाही जणांचे ओठ उघडून दाखवले. सगळीकडे तीच रेघ.

"हा सोमल नव्हे, फौजदारसाहेब. हे शिसे आहे. थोडे थोडे, पण पुष्कळ दिवस पोटात जाते आहे. कसे जाते ते शोधणे तुमचे काम."

भांड्यांच्या कल्हईत शिसे मिसळले असेल अशी शंका जमादाराने काढली. पण मग हमाल आणि टांगेवाले ठणठणीत कसे? बाईने आठ दिवसांपूर्वी विचारलेला तोच प्रश्न होता तो, आणि आता मला तो स्वतःला विचारावा लागत होता.

मी सहाही जणांची जबानी नव्याने घेतली. प्रश्न एकच: उठल्यापासून निजेपर्यंत तोंडात काय काय जाते? मिश्री, चहा, भाकरी, पान, तंबाखू, विडी. एक जण विडी ओढत नव्हता, दुसरा पान खात नव्हता. सहा जबान्या शेजारी ठेवून मी बघत बसलो. सहाही जणांत सारखे आणि बाकीच्या पेठेपेक्षा वेगळे असे काही निघेना.

शेवटी दहाव्या दिवशी साध्या कपड्यांत कारखान्यात जाऊन बसलो. कारखाना म्हणजे एक लांबट अंधारी खोली आणि ओळीने मांडलेले पंधराएक हातमाग. फिर्यादी विणकर आपल्या मागावर होता. त्याचा माग पांढऱ्या सुताचा. शेजारच्या मागावर लखलखीत पिवळे लुगडे चढले होते. आजारी माणसाच्या जागी बसवलेला गडी ते विणत होता. धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारी लाकडी होडी, इकडून तिकडे पळत होता. धोट्यातली सूत गुंडाळलेली कांडी संपली. गड्याने नवी कांडी बसवली, धोटा उचलून ओठांना लावला आणि सर्रकन श्वास आत ओढला. धोट्याच्या बारीक छिद्रातून सुताचे टोक त्याच्या तोंडात आले. ते त्याने दातांनी धरून बाहेर ओढले, थुंकल्यासारखे केले आणि पुन्हा खटखट सुरू.

मी उठून उभा राहिलो. "हे काय केलंस?"

"काय केलं?" तो दचकला.

"आता तोंडात काय घेतलंस?"

"काही नाही साहेब."

मी फिर्यादीकडे वळलो. "तुम्हीही असंच करता? सगळे?"

"सगळेच. बाप बी करायचा, आजा बी. त्याच्याबिगर धागा येतो कसा?"

"मग तोंडात काय काय जातं ते विचारलं तेव्हा एकानंही का नाही सांगितलं?"

त्याने माग थांबवला. "अय्यो साहेब, ते तोंडात घालणं कुठं? ते तर काम हाय!"

मी तासभर तिथे बसून बोटे मोजली. दोन्ही हातांची बोटे संपली तरी त्या गड्याचे ओढणे संपेना. त्याचे ओठ पिवळे, दात पिवळे. आजारी माणसांचे पिवळे दात मी रोज पाहिले होते आणि तंबाखूचे म्हणून सोडून दिले होते. मग कोण कुठल्या मागावर होते त्याची यादी केली. सहाही आजारी पिवळ्या मागांवरचे निघाले. पांढऱ्या, निळ्या सुताचे विणकरही धागा तोंडानेच ओढत होते, पण त्यांना काही झाले नव्हते. मनात म्हटले, सापडला!

सूत रंगवणारा मुसलमान रंगारी पलीकडच्याच गल्लीत होता. तो काही लपवेना. "साब, शिशे का रंग है. धूप में उडता नै, धोये तो जाता नै. बेपाऱ्यां कू येच होना बोले," तो म्हणाला. मी त्याला हात पुढे कर म्हटले. उजवा हात मनगटातून लुळा खाली लोंबत होता. "वात है साब, चार महिने हुए," तो कसनुसे हसला. त्याला काय झाले आहे हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो खाली बसला आणि त्याने डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवला. मी त्याला स्वतः दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी ते सूत तेजाबात उकळून त्यात कसलेसे औषध टाकले. पाणी काळेकुट्ट झाले. पुढे मुंबईच्या सरकारी रसायनशाळेचा निर्वाळाही तोच आला: सुतात शिसे, आणि रुग्णांच्या ओकारीत सोमलाचा मागमूस नाही.

अडचण कारखानदाराची होती. हातमागाच्या लहान कारखान्याला कारखान्याचा कायदा लागू नव्हता. त्याच्यावर लावायला माझ्याकडे एकही कलम नव्हते. तो मागांच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "फौजदारसाहेब, धाग्यानं कोणी मरतं का? हे कामचुकारांचे बहाणे आहेत."

मी पिवळ्या मागावरचा धोटा उचलला, त्यात नवी कांडी बसवली आणि त्याच्या हातात दिला. "बहाणे आहेत ना? मग एकदा तुम्ही ओढा."

खटखट थांबली. सगळे विणकर मागांवरून बघत होते. कारखानदाराने धोटा तोंडाजवळ नेला. छिद्रापाशी जमलेली पिवळी भुकटी त्याने पाहिली. घाम पुसत त्याने धोटा खाली ठेवला. कोणीतरी मागून मोठ्याने हसले आणि मग सगळा कारखानाच हसला. इतके मनापासून हसलेले विणकर मी त्याआधी पाहिले नव्हते.

त्याच दुपारी पिवळे सूत मागांवरून उतरले. बारीक तारेचा आकडा करून धागा ओढायची युक्ती विणकरांनीच काढली. पहिले काही दिवस "याच्यानं हात अडतो" म्हणून कुरकुर झाली, पुढे आकडा तोंडाइतकाच झपाट्याने चालू लागला. शेजारच्या कारखान्यांतले लोक तो बघायला आले आणि करून घेऊन गेले. रंगाऱ्याने शिशाच्या रंगाचे पिंप कायमचे बंद केले. आजारी माणसे पुढे एकेक करून बरी होऊन कामाला लागली. धाकटा सर्वांत शेवटी, पण तोही लागला.

पण हे सगळे नंतरचे. अकराव्या दिवशी पुरावा नाही म्हणून सोडण्याचा रिपोर्ट मी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे ठेवला. हुकूम घेऊन कोठडी उघडली आणि म्हणालो, "मावशी, चूक माझी झाली. मागच्या दाराशी टांगा उभा केलाय, घरी सोडतो."

ती जागची हलली नाही. "मागल्या दारानं कशापाय? धरून न्हेलं तवा समदी पेठ बगत व्हती. आता सोडताना बी बगू द्या की. सायेब, तुमी मला सोडलं, पन माज्या हातचं कोन खानार हाय आता? माजं काय ऱ्हायलं?"

खरे होते ते. खानावळवालीच्या हातावर विषाचा डाग पडला की कोर्टाचा हुकूम काय कामाचा? मी पूर्ण वर्दी चढवली, जमादाराला बरोबर घेतले आणि भर दुपारी मावशीला भवानी पेठेतून पायी नेले. ज्या दारांसमोरून तिला चालवत आणले होते, त्याच दारांसमोरून. खानावळीचे सील माझ्या हाताने तोडले. मग टोपी काढून पंक्तीच्या जागी मांडी घालून बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "मावशी, भूक लागलीय. वाढा."

चूल पेटली, ज्वारीची भाकरी थापली गेली, शेंगांची चटणी आली. दाराबाहेर माणसांची गर्दी. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. जमादार बसला. एक हमाल आत आला. मग दोन टांगेवाले. मग गर्दीतून वाट काढत फिर्यादी विणकर आला, अजून धड न सावरलेल्या धाकट्या भावाला खांद्याचा आधार देऊन. दोघे मान खाली घालून पंक्तीच्या टोकाला बसले.

मावशीने दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"बसला कुटं तसाच?" ती कडाडली. "दोगं बी उटा. आदी हात धुवा, चूळ भरा खळखळून, मग वाढते."

फिर्यादी उठला आणि मोरीपाशी जाऊन रडत रडत चूळ भरू लागला. त्या दिवसापासून हात धुऊन चूळ भरल्याशिवाय मावशीच्या पंक्तीत कोणाला ताट मिळाले नाही. सरकारी डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा तिचा दरारा जास्त कामी आला.

पुढच्या नोकरीत मी जबानी घेण्याची रीत बदलली. माणूस ज्याला काम म्हणतो ते तो सांगत नाही, कारण ते सांगण्यासारखे आहे असे त्याला वाटतच नाही. म्हणून मी विचारण्याआधी त्याला त्याचे काम करून दाखवायला सांगू लागलो आणि गप्प बसून पाहू लागलो. पुष्कळ गुन्हे त्याने उकलले. पुष्कळांना शिक्षा झाल्या, शेरे मिळाले, बढती मिळाली. पण त्या दुपारी, निर्दोष ठरलेल्या बाईच्या पंक्तीत, सगळ्या पेठेदेखत मी जी भाकरी खाल्ली, तिच्यासारखा आनंद मला कुठल्याच शिक्षेने दिला नाही. मी त्या दिवशी चार खाल्ल्या.