कामट्यांची पट्टी

नातीच्या मोडलेल्या हाताची बोटं निळी पडली होती आणि पट्टी सोडायला कुणी धजत नव्हतं. हाडवैद्यानं बांधलेल्या बांबूच्या कामट्या त्यानंच सोडायच्या, दुसऱ्याचा हात लागला तर हाड बसत नाही, अशी आमच्याकडची समजूत. वैद्य परगावी लग्नाला गेलेला.

“आत्याबाई, उद्या येतील ते,” सून म्हणाली.

“बोटं थांबतील का उद्यापर्यंत?” असं म्हणून मी कात्रीनं पट्टी कापली. उशीर झाला होता.

परवा त्या वैद्याच्या ओसरीवरून गेले. रांग तशीच होती. माझा घोटा त्यानंच बसवला होता, चांगला बसवला होता, म्हणून तर नातीला मीच तिथं नेलं. गावात चहाची टपरी टाकायला परवाना लागतो, रिक्षा चालवायला लागतो. हाडाला हात घालायला लागत नाही. कागदानं हात शहाणा होत नाही, हे मला कळतं. पण कागदवाला चुकला तर त्याला बोलावून विचारता तरी येतं. याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

रांगेत एक बाई लेकराचा सुजलेला पाय धरून बसली होती. “बोटं निळी पडली तर पट्टी काप, वाट बघू नकोस,” मी तिला म्हणाले.

“म्हातारे, अभद्र कशाला बोलतीस?” म्हणत ती पुढं सरकली.

नात जगली. तिचा डावा हात कोपरापासून कापावा लागला.