याँडे जूफ यांनी पालथे घातलेले भाषण

राजधानी बांजुलच्या नभोवाणीवर सेरेर भाषेत बातम्या देणारी पहिली स्त्री म्हणजे याँडे जूफ. नदीकाठच्या गावांत त्यांचा आवाज सुरू झाला की उखळातली मुसळे थांबत. पुढे सरकारने त्यांना राजदूत नेमले. त्यांचे सचिव अलियू सेसे यांना बाईंचा धाक होता आणि अभिमानही.

त्या वर्षी जाळी टाकता टाकता हद्द ओलांडलेल्या कोळ्यांना शेजारी राष्ट्राने डांबले. बाईंच्या गावातील बहुतेक घरांतला कोणी ना कोणी त्यांत होता. बैठकीची मांडामांड सेसेंनी केली आणि बाईंच्या नावाच्या पाटीवर रीतसर पतीचे आडनाव घातले: श्रीमती बाह. हे आडनाव फुला जमातीचे; बाईंचे माहेरचे जूफ मात्र अस्सल सेरेर. समोर बसलेले शेजारी राष्ट्राचे मंत्री दियाट्टा हे जोला जमातीचे. परक्याशी बसावे तसे ते सकाळभर ताठ बसले आणि शेवटी म्हणाले, "खटले चालतील. कायदा सर्वांना सारखा."

सेसेंनी उत्तराचे भाषण पुढे सरकवले. बाईंनी ते पालथे घातले.

"दियाट्टा, जूफांच्या घरचा दास जूफांच्या लेकीसमोर खुर्चीत बसतो, आणि वर कायदा शिकवतो?"

सेसे माफी मागायला खुर्चीतून अर्धवट उठले.

दियाट्टांनी सावकाश चष्मा काढला. "तू जूफ? मग सकाळपासून बाह होऊन का बसलीस? दास तर तुम्ही सेरेर. भात कसा शिजवायचा तेसुद्धा आम्ही शिकवलं तुम्हाला."

"शिकवलंत, पण चाखायला कधी ठेवलात? पातेलं दिसलं की जोलाला सख्खी आई आठवत नाही."

दियाट्टांचे अधिकारी खाली मान घालून हसू लागले. सेरेर आणि जोला यांचे हे थट्टेचे नाते पूर्वापार आहे: बोल कितीही लागला तरी रागवायचे नाही, आणि मागितलेले नाकारायचे नाही. सेसेंना ते लहानपणापासून ठाऊक होते. सरकारी टेबलावर त्याला जागा असेल, हे मात्र त्यांच्या मनातही आले नव्हते.

"माग आता," दियाट्टा म्हणाले.

"माझी माणसं दे. होड्यांसकट."

दियाट्टांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "ने. पण माझंही एक मागणं आहे. सुटकेची बातमी तू स्वतः वाचायचीस. माझी आई सेरेरांच्या शेजारात तुझा आवाज ऐकत म्हातारी झाली. तू राजदूत झालीस तेव्हापासून रेडिओवर कापड टाकून बसलीय."

आता नाही म्हणण्याची सोय बाईंनाही नव्हती.

त्याच संध्याकाळी बाई नभोवाणीच्या ध्वनिक्षेपकापुढे बसल्या. एकेक नाव, त्यामागे बापाचे नाव, मग गाव. घाई नाही, गहिवर नाही. आपल्या गावची नावे आली तेव्हाही स्वर तसूभर हलला नाही. काचेपलीकडे सेसे केव्हा उठून उभे राहिले, ते त्यांचे त्यांनाच कळले नाही.

नावे संपली. "होड्या उद्याच्या भरतीबरोबर निघतील," बाई म्हणाल्या. "चुली पेटत्या ठेवा."