चिखलात रुतलेला पंचनामा

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. जाऊ नये असंच वाटतं, म्हणून लिहितोय.

लोक मला निवृत्त अधिकारी म्हणतात. निवृत्त कसला! पस्तिशीही गाठली नव्हती तेव्हा राजीनामा देऊन बाहेर पडलो. कॉलेजात विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचो. मग घरच्यांनी धोशा लावला, परीक्षा दिली, उपनिरीक्षक झालो. आता पुन्हा पत्रकंच लिहितो. मधली वर्षं दिघीच्या खाडीकडच्या एका ठाण्यात गेली. नावं कोणाचीच घेणार नाही.

आमच्या हद्दीतल्या एका कोळीवाड्यालगत जेटीचं काम निघालं होतं. ठेकेदाराला हवी होती ती जागा म्हणजे बायकांचं बोंबील वाळवायचं मैदान. दोरीवर बोंबील टांगायच्या बांबूच्या चौकटी पिढ्यान्‌पिढ्या तिथे उभ्या. बायका हटायला तयार नव्हत्या. आणि एका अमावास्येला, संध्याकाळी उन्हं कलताना, मैदानाच्या कडेची ठेकेदाराची पत्र्याची केबिन जळाली. माणूस कोणी भाजला नाही.

दुसऱ्याच दिवशी ठाण्यात गोपनीय माहिती आली. देणारा ठेकेदाराला मुरूम पुरवणारा माणूस. खबऱ्या कोणाच्या ताटात जेवतो हे आधी बघावं, असं प्रशिक्षणात शिकवतात. ठाण्यात विसरतात. तो म्हणाला, "वाड्यात लाल लोकांचा वर्ग चालतो. कम्यून, सर्वहारा असलं बोलतात. बोल्शेविक आणि मेन्शेविक असे दोन गट आहेत. एक बाई चालवते."

ही बाई वाड्यातलीच मुलगी. बोर्ली पंचतनच्या बाजूला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवायची. दुपारी बायका कोळंबी सोलत बसल्या की ती त्यांना जगभरच्या क्रांत्यांच्या गोष्टी सांगायची. पॅरिसच्या कामगारांनी शहर ताब्यात घेऊन कसं चालवलं, रशियात भाकरीसाठी बायका आधी रस्त्यावर कशा आल्या. वाडा तिला मास्तरीण म्हणायचा.

केबिनच्या वॉचमनने जबाब दिला की मास्तरीण आणि तीन अनोळखी बायका होडीतून आल्या, होडी थेट मैदानाला लावली, रॉकेल ओतलं आणि होडीनेच परत गेल्या. झालं. मास्तरणीला अटक, तिच्या धाकट्या काकांची होडी जप्त. आगरदांड्याहून फेरीबोटीने एक वरिष्ठ अधिकारी आले. घाटावरचे, हुशार, मोबाइलवर शब्दांचे अर्थ शोधून आलेले. त्यांना साधी जाळपोळ नको होती. जामिनाची आशाच सोडावी लागते ते कलम लावायचं होतं. कोठडीची मुदत संपायच्या आत प्रस्ताव पाठवायचा होता. तो मंजूर झाला असता तर खटला उभा राहीपर्यंत तिची तरुणपणाची वर्षं तुरुंगात गेली असती.

चौकशीला तिची थोरली काकू आणली. महिला शिपाई शेजारी. काकूने टोपली बाहेर ठेवायला साफ नकार दिला, त्यामुळे अख्ख्या खोलीत सुक्या बोंबलांचा वास.

"कम्यून म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"माजा घो दर्यात गेला ना, तवापासून दर हंगामाला गावच्या होड्यांवरून माजा वाटा येतो. न मागता. पोरगी म्हनली, त्याला तिकडं लोकांनी कम्यून म्हनलं. मी म्हनलं, मंग आमी कवापासूनचे हाव."

"आणि मेन्शेविक कोण?"

"माजी धाकली जाव."

साहेब सरसावून बसले. "कबूल करतेस?"

"व्हय तर! मासली सगल्यांनी मिलून इकायची असं ठरलं, हात वर करून. ही एकलीच न्हाय म्हनली. पोरीच्या गोष्टीत थोडक्यांचा गट तो मेन्शेविक, म्हून आमी तिला तसं चिडवतो. रागावते मेली."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. साहेबांनी मात्र लिहून घेतलं : दोन गट असल्याला दुजोरा.

मास्तरणीची चौकशी दोन तास चालली. ती थकली होती, पण आवाज चढवला नाही. कॉम्रेड कोणाला म्हणतेस, पुस्तकं कोण देतं, मुंबईत कोणाला भेटतेस. पुस्तकं वाचनालयातली होती. तिच्याकडे सापडलेलं सर्वांत स्फोटक काय, तर भिंतीवरचं एका दाढीवाल्या जर्मनाचं चित्र. ते आमच्या शिपायाने ऋषीमुनी समजून चप्पल काढून जप्त केलं होतं.

शेवटी ती म्हणाली, "साहेब, होडी लावायला पाणी लागतं. त्या वेळी तिथे पाणी नसतं."

साहेब हसले. "ऐका! समुद्रात पाणी नाही म्हणते."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी माणगावकडच्या भातशेतीतला, मला खरंच ठाऊक नव्हतं. चहाच्या निमित्ताने बाहेर पडलो आणि जेटीवर जाळं दुरुस्त करणाऱ्या तांडेलाला विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "अमावास्येला दुपारी भरती, सांजला ओहोटी. पुनवेलाबी तसंच. खाडीत ह्ये कोनी इचारतं व्हय?"

आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. एवढी मोठी फाइल तयार झाली, आणि भरती-ओहोटीचा एक शब्द त्यात नव्हता.

हे साहेबांना सांगून उपयोग नव्हता. आरोपीची बाजू घेतोस म्हणून मलाच बाजूला केलं असतं. माझी जुनी पत्रकं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलीच होती. म्हणून मी वेगळंच सुचवलं. "सर, जप्त होडीतूनच घटनेचं प्रात्यक्षिक करू. पंचांसमोर, घटनेच्याच वेळेला. केस पक्की होईल." पौर्णिमा परवावर होती. साहेब खूश. म्हणाले, "आता तू पोलिसासारखा विचार करायला लागलास."

पौर्णिमेच्या संध्याकाळी खाडीच्या खोल भागातून होडी निघाली. साहेब, मी, दोन पंच, वॉचमन, व्हिडिओ काढणारा शिपाई आणि दोन खलाशी. खलाशांनी एकमेकांकडे बघितलं, पण बोलले नाहीत. त्यांना कोणी विचारलं कुठे होतं? मैदान अजून चांगलंच लांब होतं, तेव्हा होडी खालून घासली आणि थांबली. पुढे नुसता काळा, चकाकणारा चिखल. त्यावर खेकडे पळत होते.

"उतरा, ढकला," साहेब म्हणाले. शिपाई उतरला आणि मांडीपर्यंत आत गेला. त्याला वर काढायला दोघं लागले. बूट चिखलातच राहिला.

काठावर सगळा वाडा जमला होता. बायका टोपल्या उलट्या घालून बसल्या होत्या, तमाशाला बसावं तशा. काकू उभी राहून ओरडली, "सायब! उतरा की! आमची पोरगी आली तशेच या! रॉकेलचा डबा घ्या डोक्यावं!"

तिची धाकटी जाऊ त्याहून मोठ्याने ओरडली, "आनी जातांनी पलत जा!"

साहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एका पंचाने कागद पुढे धरला. "सर, काय लिहू?"

"दिसतं ते लिहा," मी म्हणालो.

भरती चढून होडी सुटेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. वॉचमन माझ्या शेजारी होता, झारखंडचा. हळूच म्हणाला, "साब, चूल्हा जलता छोड़ के पानी लाने गया था." सुपरवायझरने सांगितलं होतं, होडीची गोष्ट सांग नाहीतर गावी जा. दुसऱ्या दिवशी त्याने रीतसर जबाब बदलला. ठेकेदाराने त्याला त्याच दिवशी हाकललं. सुपरवायझरला कोणी हात लावला नाही.

प्रस्ताव गेला नाही. मास्तरीण सुटली. कॉलेजने तिचे तास मात्र दुसऱ्याला दिले, कारण विचारायची सोयही ठेवली नाही. मी तिला सोडायला वाड्यापर्यंत गेलो. ती म्हणाली, "तुमचे आभार मानायला हवेत, पण मानवत नाहीत. मी जाळलं नाही हे तुम्हाला आधी पटलं होतं ना? मग ओहोटीची वाट का बघावी लागली?"

या प्रकरणाने काय शिकवलं असं लोक विचारतात. लोकांना ऐकायचं असतं की सत्य अखेर बाहेर येतंच. मी तसं लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. तिच्या खोलीत पुस्तकं होती आणि तिच्या तोंडी काही शब्द होते, एवढ्यावर ती आमच्या लेखी गुन्हेगार झाली होती. बाकीचं आम्ही जुळवत होतो.

त्या अमावास्येला दुपारी त्याच मैदानाच्या कडेपर्यंत पाणी भरलेलं होतं. चूल दुपारी भडकली असती, तर आमची होडी पौर्णिमेच्या दुपारी अलगद काठाला लागली असती, पंचांनी सह्या केल्या असत्या, साहेबांनी माझी पाठ थोपटली असती. आणि ती बाई आजही आत असती, अगदी इतकीच निर्दोष.