शेडनेटखाली छापलेली पाठवणी

फरिदाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. सणसरहून नवऱ्याच्या, तौसिफच्या मोटारसायकलवर बारामती एमआयडीसी गाठायची आणि डेअरीच्या पॅकिंगला उभं राहायचं. गळकी पिशवी तिच्या डोळ्यांआधी बोटांना कळे. दुपारी घरी आली की चहा, आणि मग पडवीतला कॉम्प्युटर. पगारातून घेतलेल्या प्रिंटरवर ती गावातल्या लोकांना फोटो छापून देई.

उन्हाळा लागल्यापासून मात्र मशीन हिरवट छापत होतं. पडद्यावर माणसं टवटवीत, कागदावर शेवाळ धरल्यासारखी. गिऱ्हाइकं तक्रार करत नसत. भिडेखातर गप्प बसतात, असं फरिदाला वाटे.

"मशीन बाद झालंय," तौसिफ म्हणे. "नवं घिऊ."

त्यासाठी ती पगारातून पैसे बाजूला टाकत होती. तेवढ्यात शेजारच्या विजयमालाकाकी आल्या. त्यांची राजनंदिनी लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी यायची होती, रविवारी दुपारी.

"लेकीनं उंबरा वलांडला की समोर पाठवणीचा फोटू दिसला पायजे," काकी म्हणाल्या. "जमत नसंल तर आत्ताच सांग. बारामतीला टाकते."

"जमतंय की."

शनिवारी फरिदानं कंबर कसली. कॉम्प्युटरवर हिरवा कमी केला, लाल वाढवला, छापला. पडद्याशेजारी धरला. अजून हिरवट. परत लाल. कागद जात होते, शाई जात होती; पण काम अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. शेवटी कागद आणि पडदा तंतोतंत जुळले. ती खुशीत काकींच्या घरी गेली.

काकींचे सासरे जोतीरामआबा ओट्यावर होते. त्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"जावई कुठल्या इलेक्शनला निवडून आला म्हणायचा? वऱ्हाड गुलालात न्हालंय."

खरंच, नवरी लाल, नवरा लाल, मागची म्हैससुद्धा लालसर. काकी हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "उद्या सकाळच्याला मी बारामतीला जाते गं."

"नऊपर्यंत थांबा, काकी."

घरी येऊन तिनं फोटो टेबलावर ठेवला. एकदम बरोबर. रस्त्यावर नेला. गुलाल. परत आत. बरोबर.

"फोटू हाय का सरडा?" तौसिफ म्हणाला आणि चहासाठी दुधाचं पातेलं तिच्यापाशी ठेवून गेला.

फरिदानं पातेल्यात पाहिलं. रोज दूध हाताळणारी बाई ती. दुधाचा पांढरा तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. हे दूध हिरवट होतं. पातेलं उचलून ती अंगणात गेली. दूध पांढरंशुभ्र. मग तिनं मान वर केली. उन्हाळ्यात एका रोपवाटिकेतून आणलेली हिरवी शेडनेट त्यांनीच पडवीवर ताणली होती. ऊन त्या जाळीतून गाळलं जाऊन हिरवं होऊन खाली येत होतं. कागद त्या उजेडात दिसे, पडदा स्वतःच्या.

"आवो," ती म्हणाली, "मशीन चांगलं हाय. आपुनच हिरव्या काचेच्या बरणीत बसलोय."

रविवारी उजाडताच दोघांनी टेबल अंगणात भिंतीच्या सावलीला ओढलं. फरिदानं वाढवलेला लाल काढून टाकला. नेटखालच्या झळीत दिसावं म्हणून पडदा पूर्ण झगझगीत ठेवला होता, त्याचा उजेडही कमी केला. मग छापला. नवरीचा शालू डाळिंबी, म्हैस काळी.

नऊच्या आत फोटो भिंतीवर लागला. दुपारी राजनंदिनी आली, उंबऱ्यातच थांबली, आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आबा, मी एवढी रडले व्हते व्हय?"

"म्हैस बी रडत व्हती," आबा म्हणाले.

टेबल कायमचं अंगणात ठेवता येईना. आतली खोली अंधारी, आणि नेट काढावी तर पडवी तापते. पुढच्या पगाराला साठवलेले पैसे बाहेर निघाले. नवीन मशीन आलंच नाही. गवंडी आला, आणि थेट ऊन न येता दिवसभर पांढरा उजेड यावा म्हणून आतल्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला चांगली रुंद खिडकी बसली.