आत्याला समजावलेलं पेप्टाइड

माझी आत्या भोकरदनच्या शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिच्या स्तनातली गाठ काढली, केमो झाली, गेलेले केस परत आले. आम्हाला वाटलं, सुटलो.

मी तेव्हा बदनापूरहून रेल्वेने संभाजीनगरला जाऊन पीएच.डी. करत होते. कॅन्सरच्या पेशी शरीरात पसरतात तेव्हा भोवतालचं जाळं एका एन्झाइमने कापत वाट काढतात. त्या एन्झाइमच्या खाचेत घट्ट बसून त्याचं काम बंद पाडेल असं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, मी तयार करत होते.

दोन वर्षांनी आत्याची कंबर दुखायला लागली. आजार हाडांत उतरला होता. ती आमच्याकडे राहायला आली. एका दुपारी पडल्यापडल्याच म्हणाली, "तू रोज जाऊन नेमकं काय करून राह्यली, ते सांग बरं नीट."

मी वहीत चित्र काढून सांगितलं. तिने वही जवळ ओढून घेतली.

"म्हंजे माझ्या अंगात झालं तेच हे."

"हो."

"मंग मला देता येईल का ते?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. "न्हाई आत्या. अजून डिशमधल्या पेशींवरच चाललंय. माणसापर्यंत पोचायला कैक वर्षं लागतील. पोचेल का, तेही सांगता येत न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

डिशमध्ये पेशी पसरायच्या खरंच थांबत होत्या. पण पुढच्या महिन्यात आम्ही ती साखळी माणसाच्या रक्तातल्या सीरममध्ये ठेवून पाहिली, तर रक्तातल्याच दुसऱ्या एन्झाइमांनी अर्ध्या तासात तिचे तुकडे केले. घरी काही बोलायचं नाही असं ठरवून मी गाडीत बसले. आत्याने माझा चेहरा पाहूनच विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही.

तिने डोळे मिटून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोणत्या टोकाकडून तुटायला लागतंय?"

"ते अजून पाहिलं न्हाई."

"मंग आधी ते बघ ना."

चाळीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई बोलत होती. मी पाहिलं. साखळी पुढच्या टोकाकडून तुटत होती. आम्ही एक छोटा रासायनिक गट जोडून ते टोक बंद केलं आणि ती काही तास टिकली. ते सांगायला मी आत्याच्या उशाशी बसले तेव्हा ती वेदनेच्या औषधाने गुंगीत होती. मी तरी सगळं सांगितलं, बोटाने चादरीवर साखळी काढून दाखवली. तिला किती कळलं, मला माहीत नाही. चार दिवसांनी ती गेली.

आत्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून मी पुन्हा प्रयोगशाळेत गेले. नवी साखळी टिकत होती खरी, पण एन्झाइमवरची तिची पकड सैल झाली होती. मी कॉम्प्युटर लावला आणि मधलं एक अमिनो आम्ल बदलून बघायला घेतलं.