येळवशीच्या सकाळी न वाजलेली रायफल

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. येरमाळ्याला हायवेलगत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वीस वर्षं जळालेल्या मोटारी उघडतोय. यंत्र बंद पडलं की त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यावरच माझं घर चालतं. दुकानात कुणी भुताखेताचं काढलं की मी त्याची इतकी टिंगल करायचो, की माणूस चहा अर्धा ठेवून उठायचा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं शेत गावापासून दीडेक किलोमीटरवर, माळाच्या कडेला. रानडुकरांनी ज्वारीत नुसता उच्छाद मांडला होता. मी पीक संरक्षणाचा परवाना काढला, डुकरांपुरती वनखात्याची परवानगी काढली आणि ३१५ बोरची एक जुनी रायफल रीतसर दुकानातून घेतली.

घेतली आणि आठ दिवसांत पस्तावलो. जड धोंडा! दस्ता माझ्या हाताला लांब, नेम धरावा तिथून गोळी हातभर डावीकडं. खांदा तर दोन दिवस ठणकायचा. वाजायची मात्र दर वेळी, त्यात तिनं कधी दगा दिला नाही. त्यात शेजारच्या गावातल्या दोस्तानं दुर्बिणीची नवीकोरी रायफल घेतली आणि फोटो पाठवून पाठवून मला जाळलं. शेवटी मीही ठरवलं... जुनी द्यायची आणि तसलीच घ्यायची. रायफल बदलायचा अर्ज मंजूर झाला. कागदपत्रं घेऊन सोमवारी सोलापूरला जायचं पक्कं झालं.

त्याआधीच्या शनिवारी येळवस होती. बाहेरच्यांसाठी सांगतो — आमच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं घर शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून पूजा, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. पै-पाहुणे सगळे शेतात. अशा दिवशी पाहुण्यांना लोळवलेली ज्वारी दाखवायची? माझं डोकंच फिरलं. दिवस उगवायच्या सुमारास एकटाच रायफल घेऊन निघालो. घरचे अकरापर्यंत ट्रॅक्टरवर येणार होते. दादा, म्हणजे माझे वडील, अंथरुणात असतील असंच मी धरून चाललो होतो. खोलीत डोकावून बघितलं नाही.

शेतावर धुई, म्हणजे दाट धुकं, पडलेलं. बांधावर उभा राहिलो तर साठ-सत्तर पावलांवर, मोडलेल्या ज्वारीत, काहीतरी काळं हललं. बुटकं, रुंद पाठीचं. खाली मुंडी घालून ज्वारीची ताटं, म्हणजे धाटं, ओढत होतं. म्हटलं, सापडलं बेटं!

नेम धरला. मुद्दाम हातभर उजवीकडं. सेफ्टी काढली, चाप ओढला...

खट्.

बोल्ट मागं ओढला, काडतूस बाहेर पडलं, दुसरं चढवलं. खट्. तिसरं. पुन्हा खट्.  सगळ्या शेतात ऐकू जाईल अशी शिवी मी त्या रायफलीला हासडली.

ते काळं उठून उभं राहिलं.

"कोन हाय रं? सुभाष, तू हाईस व्हय?"

दादा! डोक्यावरून काळी घोंगडी घेतलेले, काखेत मोडलेली ताटं. वय त्र्याहत्तर.

"डुकरानं लई नास केलाय बग. पाहुनं यायच्या आदी गोळा करावं म्हनलं, जनावराला तरी व्हतील. पहाटंच आलो चालत. तू काय करायलास तिथं?"

 मी रायफल बाजूला ठेवून बांधावर खाली बसलो. त्या दिवशी घास गिळला नाही. दुपारी दादा येळवशीच्या रिवाजाप्रमाणे आंबील शिंपडत ज्वारीच्या कडेनं आरोळी देत फिरले, आणि मी कोपीआड तोंड करून रडत होतो. ते चालतायत, ओरडतायत, एवढंच मला पुरेसं होतं.

सोमवारी सोलापूरला गेलो, पण दुर्बीणवालीकडं ढुंकूनही बघितलं नाही. बंदुकीच्या दुकानात म्हातारे मिस्त्री होते, त्यांना रायफल आणि ती तीन काडतुसं दिली. त्यांनी बोल्ट खोलला. पिन शाबूत, स्प्रिंग कडक, कुठं मळ नाही. मग काडतुसांची बुडं भिंगाखाली धरली आणि माझ्याकडं बघितलं. पिन आदळली की काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर खूण उमटते. तिन्हींवर साधा ओरखडाही नव्हता!

"चाप वडलाच न्हाय तुमी," ते म्हणाले.

"तिनदा वडला, मालक. आवाज आला खटक्याचा."

त्यांनी तीच तीन काडतुसं त्याच रायफलीत घालून वाळूच्या पेटीत मारली. तिन्ही कानठळ्या बसवत उडाली.

मी मेकॅनिक माणूस आहे. थंडीनं वंगण घट्ट झालं, पिन अडकली — सगळं करून बघितलं. रायफल परत द्यायच्या आधी चार पहाटा त्याच धुईत, त्याच बांधावर, मोकळ्या बोल्टनं खटके मारले. पिन दर वेळी सणसणीत बाहेर यायची. कारण सापडलं नाही. आजही नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, मी टिंगल करणार नाही. रायफल सोलापूरच्या दुकानात परत गेली, परवानाही परत केला. ज्वारीला आता झटका मशीनची विजेची तार आहे.

दादांना सांगायला मला आठ दिवस लागले. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. सगळं ऐकून अडकित्ता थांबला.

"तिनदा वडलास?"

"व्हय, दादा."

"अन् एकदाबी नीट बगावं वाटलं न्हाय तुला?"

मी त्यांचे पाय धरले. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, लहान पोरासारखा हुंदके देत होतो. यंत्राचं कोडं बाजूलाच राहिलं. त्यांनी मला पोटभर रडू दिलं. मग पाठीवर हात ठेवला.

"ऊठ आता. हाय की म्या."