आबांसमोर मिटलेली कोरलं

मंडळी, सकाळी हौसेनं एक काम केलं आणि आता पार हतबल होऊन बसलोय.

आमचे आबा फौजेत असताना अंदमानला होते. तिथल्या समुद्रात डुलणारी कोरलं, म्हणजे जिवंत प्रवाळं, बघितल्याचं ते अजून सांगतात. पक्षाघातानंतर ते दिवसभर खुर्चीतच असतात. म्हणून इस्लामपुरातल्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी केली आणि पुण्याहून दोन सॉफ्ट कोरलं, म्हणजे फुलासारखी उमलणारी-मिटणारी मऊ जात, मागवली.

आज कोरलांची पिशवी टाकीत तरंगत ठेवली, तिच्यात थेंबाथेंबानं टाकीचं पाणी मिसळलं आणि कोरलं अलगद दगडावर बसवली. आबा टक लावून बघत होते. थोड्याच वेळात दोन्ही मिटली. एक तर कलंडलंच.

“काय तरी कर की रं,” आबा म्हणाले.

दुकानदाराला फोन केला. “टाकी नवीन आहे. आता हात लावू नका. जगलं तर उमलेल,” तो म्हणाला.

पाण्यातलं मीठ तपासलं, पंप हळू केला. पुढं काहीच सुचेना.

आई आबांना जेवायला न्यायला आली, तर म्हणाले, “जिता जीव हाय त्यो. एकटा कसा सोडू?”

आम्ही तिघं ताटं घेऊन टाकीसमोर बसलोय. समोर जीव मिटत असताना नुसतं बघत बसणं तुम्हाला कसं जमतं?